एका वर्षाआड उडणारे फुलपाखरू

श्रोतेहो, फुलपाखरू म्हटले की आपल्याला भाद्रपदातले कोवळे ऊन आणि बांधावरची रानफुले आठवतात. आज ज्या फुलपाखराची हकिगत सांगायची आहे, त्याच्या मुलखात निम्मे वर्ष बर्फच असतो. फिनलंड, स्वीडन, सैबेरिया, पलीकडे अलास्का आणि कॅनडा असा पृथ्वीच्या उत्तर टोकाभोवती एक पट्टा आहे. तिथल्या दलदली आणि टुंड्राची गोठलेली माळराने हे त्याचे घर. शास्त्रात त्याला ‘ईनाइस जुट्टा’ म्हणतात. आपण नुसते जुट्टा म्हणू.

दिसायला तसे साधेच. पंख पसरले तर पाच सेंटीमीटर भरतील. रंग करडा-तपकिरी, त्यावर पिवळसर ठिपके आणि ठिपक्यांत काळे डोळे. पंख मिटून ते झाडाच्या खोडावर बसले, की साल कुठली नि फुलपाखरू कुठले हे ओळखू येत नाही. नर असाच खोडावर बसून मादीची वाट पाहत असतो. आणि हे काही अगदी परके नव्हे बरं का! आपल्याकडे भाताच्या पानांवर एक हिरवी अळी वाढते आणि तिचे तपकिरी फुलपाखरू तिन्हीसांजेला दिव्यापाशी येते. ते ह्याच गोतातले.

आता खरी गंमत. भातावरचे आपले फुलपाखरू अंड्यापासून पंखांपर्यंत साधारण महिनाभरात तयार होते. जुट्टाला त्याच कामाला दोन वर्षे लागतात! जून-जुलैत मादी अंडी घालते. अळी बाहेर येते, थोडेफार खाते, तोच थंडी पडते. त्या लहानग्या अळीचा पहिला हिवाळा बर्फाखाली जातो. पुढच्या उन्हाळ्यात ती पोटभर खाऊन मोठी होते, पण पंख फुटायच्या आत पुन्हा बर्फ. दुसरा हिवाळाही अळी म्हणूनच काढायचा. तिसऱ्या वर्षी बर्फ वितळला की कोष, आणि मग काही आठवड्यांचे उडते आयुष्य. बाहेर उणे तीस अंशांपर्यंत पारा उतरतो, पण बर्फाची जाड दुलई अंगावर असल्याने खाली तितका गारठा पोचत नाही.

ही अळी खाते काय? तिथे एक गवत होते, त्याच्या टोकाला पिंजलेल्या कापसासारखा पांढरा झुबका येतो. आपण कापूसगवत म्हणू. शेतकरी बंधूंनो, तुम्हाला जेरीस आणणारा नागरमोथा ह्याच्याच कुळातला. कापूसगवताची बेटे दलदलीत पाण्याच्या वर उंचवट्यासारखी राहतात. भोवती स्फॅग्नम नावाचे मॉस असते. ते आपल्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. त्या आंबट पाण्यात मेलेले मॉस कुजत नाही, साचत जाते. ह्या साठ्याला पीट म्हणतात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर थर चढतो; म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षे! जगाच्या जमिनीपैकी सुमारे तीन टक्केच अशी पीटभूमी आहे. पण साऱ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून नाही इतका कार्बन तिने पोटात ठेवला आहे.

तुम्ही म्हणाल, दलदलीचा माणसाला काय उपयोग? फिनलंडच्या लोकांनीही हेच विचारले. देश युद्धातून नुकता उठलेला, रशियाला भरपाई देता देता १९५२ साल उजाडले होते आणि लाकूड हीच मोठी मिळकत. मग त्यांनी दलदलीत चर खणले. पाणी उतरले की झाडे वाढतील हा हिशोब. काम मुख्यतः १९६० ते १९८० ह्या काळात झाले. देशात मुळात सुमारे एक कोटी हेक्टर पीटभूमी होती, तिच्यातली निम्म्याहून अधिक अशी चरांनी कापली गेली. त्यांना नावे ठेवणे मला बरोबर वाटत नाही; पोटापाण्यासाठी आपणही पाणथळ जागा बुजवल्याच आहेत. पण काही ठिकाणी झाडे वाढलीच नाहीत, आणि जिथे वाढली तिथे दाट सावली पडून मॉस सुकले, कापूसगवत हटले. दोन वर्षे एकाच बेटात काढणाऱ्या अळीने जावे कुठे?

त्यात आणखी एक अडचण आहे. दोन वर्षांच्या चक्रामुळे काही भागांत जुट्टा फक्त सम वर्षी उडते, काही भागांत फक्त विषम वर्षी. मधल्या वर्षी तिथे गेलात तर दलदल रिकामी! अळ्या मात्र गवताच्या बुडाशी जिवंत असतात. एकदाच पाहणी करून ‘इथे काही नाही’ असा शेरा मारणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे चुकीचे लिहून जाईल. शिक्षक मित्रांनो, मुलांना निरीक्षणाची वही ठेवायला सांगता तेव्हा ही गोष्ट जरूर सांगा.

गेल्या काही दशकांत फिनलंडमधले लोक काही चर पुन्हा बुजवीत आहेत. मातीचे बांध घालतात, मधे उगवलेली झाडे तोडतात, पाणी वर चढते. अशा काही दलदलींत तिथली खास फुलपाखरे थोड्याच वर्षांत परतू लागल्याचे दिसले आहे. जुट्टाची मोजणी करायची, तर मात्र लागोपाठ दोन उन्हाळे त्याच दलदलीत जावे लागते.