मनाच्या आजाराचे काम आणि अनुदानाचा अर्ज

(पेडणे येथे ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोजागिरीला पेडण्यात भरणारी पुनव आपण सर्वांनी पाहिली आहे. रवळनाथ आणि भूतनाथ यांच्या तरंगांच्या दर्शनासाठी सीमेपलीकडूनही माणसे येतात. त्या गर्दीत, अंगात बाधा शिरली आहे अशा समजुतीने आणलेले कोणी ना कोणी असतेच. या श्रद्धेची चर्चा करण्यासाठी मी येथे उभा नाही. मला त्यात दिसते ते एवढेच, की घरातील माणसाचे मन बिघडले म्हणजे घरचे लोक स्वस्थ बसत नाहीत. त्याला घेऊन ते कोठेतरी निघतात. देवळात जाण्यासाठी केसपेपर काढावा लागत नाही आणि ताटकळत बसावे लागत नाही. उलट, हणखण्याहून किंवा लाटंबार्सेहून बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात जावयाचे म्हणजे दोन-तीन बसगाड्या बदलणे, एका दिवसाची मजुरी बुडविणे, शिवाय सोबतीला दुसऱ्या माणसाचीही मजुरी बुडविणे आले. आज आपण ज्या निधीविषयी बोलणार आहोत, तो मुख्यतः हे अंतर कमी करण्यासाठी लागणारा निधी होय.

२०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळून आले, की देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांच्या बाबतीत शंभरांतील ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला, १९९६ पासून तो जिल्ह्यांच्या पातळीवर आला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवाही उपलब्ध झाली. तथापि दूरध्वनी उचलण्याचे धैर्य नसलेल्या माणसाच्या दारापर्यंत कोणी जावयाचे, हा प्रश्न उरतोच. ते काम गावातील माणसेच करू शकतात.

गावातील माणसे म्हणजे कोण? येथे शिक्षक आहेत, त्यांना शंका येईल की मानसोपचार हे तज्ज्ञांचे काम, त्यात आम्ही काय करणार. या शंकेचे उत्तर परदेशात शोधण्याचे कारण नाही. ते गोव्यातच मिळाले आहे, आणि जगाने ते येथून नेले आहे. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने राज्यातील १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. औदासीन्य व चिंताविकार असलेल्या रुग्णांशी बोलण्याचे, त्यांना आजार समजावून देण्याचे, औषध चालू राहील असे पाहण्याचे काम मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडे सोपविले. डॉक्टर व मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांतील ज्या रुग्णांचा विकार तपासणीत निश्चित झाला होता, त्यांपैकी समुपदेशकाची मदत मिळालेले सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. जेथे ही मदत नव्हती तेथे हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुढे औदासीन्याच्या तीव्र रुग्णांसाठी आणि अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठीही याच पद्धतीचे प्रयोग येथील आरोग्य केंद्रांत झाले आणि तेही उपयुक्त ठरले.

या प्रयोगांना ‘वेलकम ट्रस्ट’ या ब्रिटिश न्यासाने पैसा दिला. तो काही गोव्याची दया येऊन दिलेला नाही. विचारलेला प्रश्न स्पष्ट होता, नोंदी चोख होत्या, आणि उत्तर प्रतिकूल आले तरी ते छापले जाईल अशी खात्री होती, म्हणून तो मिळाला. आपल्या गावच्या संस्थेला एवढ्या मोठ्या रकमेची गरज नाही आणि संशोधनही करावयाचे नाही. पण पैसा देणारा माणूस कशावर विश्वास ठेवतो, हे येथून शिकण्यासारखे आहे.

मी स्वतः मात्र ते फार उशिरा आणि एका घराला दुखवून शिकलो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, त्यानंतरच्या वर्षातील ही गोष्ट. डिचोली तालुक्यातील एका लहानशा संस्थेचे कार्यकर्ते माझ्याकडे आले. मनोरुग्णांसाठी दिवसभराचे केंद्र काढावयाचे होते आणि निधी नव्हता. त्यांच्याबरोबर एक तरुण होता. त्याचा ट्रक दारात उभा, बँकेचा हप्ता मात्र चालू. झोप उडाली, बोलणे बंद झाले, आणि अखेर रुग्णालय गाठावे लागले. प्रसिद्धीचे काम करणाऱ्या माणसाला असा विषय म्हणजे पर्वणी. मी मोठा हृदयस्पर्शी लेख लिहिला, नावगावासह त्याचे छायाचित्र दिले. तरुणाने मान हलविली होती, त्यालाच मी संमती समजलो. लेखानंतर काही हजार रुपये जमले, एकदाच. महिन्याभरात त्याच्या बहिणीचे ठरत आलेले लग्न फिसकटले आणि घरच्यांनी त्याला संस्थेकडे पाठविणे बंद केले. मी भेटावयास गेलो तेव्हा त्याच्या आईने चहा दिला आणि म्हणाली, “साहेब, लिहिलेत ते बरे लिहिलेत. पण आमचे नाव कशाला घातलेत?” मला उत्तर देता आले नाही.

उपचार घेणाऱ्या मनोरुग्णाचे छायाचित्र अथवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २४ व्या कलमाने मनाई केली आहे. तो कायदा तेव्हा नव्हता, ही माझी सबब होऊ शकत नाही. आपल्यापैकी कोणी अर्जासोबत रुग्णांची छायाचित्रे जोडण्याच्या विचारात असेल, तर ती आजच काढून ठेवावीत.

त्या संस्थेच्या चिटणीस निवृत्त शिक्षिका होत्या. माझ्या लेखाने काही साधले नाही हे पाहून त्यांनी एक दोनशेपानी वही घेतली. नावाऐवजी क्रमांक, गावाऐवजी वाड्यापासून बसथांब्यापर्यंतचे अंतर, रुग्णालयाची ठरलेली तारीख, त्या तारखेस तो गेला की नाही, नसल्यास कारण. तीन महिन्यांनी वही वाचली तेव्हा संस्थेच्याच समजुतीला धक्का बसला. औषध सोडण्याचे कारण म्हणून अज्ञान किंवा हट्ट क्वचितच लिहिलेला होता. पानोपानी होते ते बसभाडे आणि सोबतीला माणूस नसणे. पहिल्या अर्जात इमारत मागितली होती. नव्या अर्जात इमारत नव्हतीच. एका कार्यकर्तीचे मानधन, प्रवासखर्च आणि पंचायतीच्या सभागृहात पंधरा दिवसांतून एकदा बैठक, एवढेच होते. एका कारखान्याच्या व्यवस्थापनाने ही मागणी एका बैठकीत मान्य केली. मागणी छोटी होती म्हणून नव्हे, असे मला वाटते. प्रत्येक रुपया कोठे जाणार हे वहीतून दिसत होते म्हणून.

आता पैसा कोठे आहे ते पाहू. पहिला स्रोत केंद्र सरकारचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश आहे, आणि दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेखाली, उपचाराने स्थिर झालेल्या रुग्णांसाठी रुग्णालय व घर यांच्यामधील निवासकेंद्र चालविणाऱ्या संस्थांना सहायक अनुदान देण्याची तरतूद आहे. अर्ज ‘ई-अनुदान’ या संकेतस्थळावर होतो, तरी राज्याच्या खात्याची तपासणी व शिफारस लागते. म्हणून खात्यातील अधिकाऱ्यांची ओळख अर्जानंतर नव्हे, आधी करून घ्यावी. रुग्णांना राहण्यास ठेवावयाचे असल्यास राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागेल, हे विसरू नये.

दुसरा स्रोत डिचोलीकरांच्या अंगणातील आहे आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली. लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्याच्या धारकाला स्वामित्वधनाच्या १० टक्के इतकी रक्कम प्रतिष्ठानात भरावी लागते, आणि ती खाणबाधित गावांसाठी खर्च व्हावयाची असते. आरोग्य, तसेच वृद्ध व दिव्यांग यांचे कल्याण हे तिच्या प्राधान्याच्या विषयांत आहेत. गावे रस्ते आणि नळ मागतात, मागावेतच. पण खाणीची धूळ छातीत जाते तशी तिची अनिश्चितता मनात जाते, हे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोलीने अनुभवले आहे. ग्रामसभेने तसा ठराव करून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठविण्यास कोणाची हरकत आहे?

तिसरा स्रोत कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. आरोग्यसेवा त्यात मोडते, आणि ज्या परिसरात कंपनी काम करते त्याला प्राधान्य द्यावे असे कायदाच म्हणतो. तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने या मर्यादेत बसणार नाहीत. त्यांच्यावर रागावू नये, त्यांच्याकडे देणगी मागावी. मोठ्या कंपन्यांकडून निधी घेणाऱ्या संस्थेस सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते आणि सामान्यतः तीन वर्षांच्या कामाचा दाखलाही लागतो. परदेशी निधीचा मोह तूर्त टाळावा. त्या कायद्याखाली नोंदणीसाठी संस्था तीन वर्षांची असून तिने त्या काळात आपल्या कार्यावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात, आणि पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावा लागतो.

या सर्वांच्या आधी लागणारी कागदपत्रे म्हणजे सोसायटी किंवा न्यास म्हणून नोंदणी, पॅन, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांक, आयकर खात्याकडील नोंदणी आणि सनदी लेखापालाने तपासलेले हिशेब. कंटाळवाणे काम आहे खरे. परंतु गणेशोत्सवात फंडपेटीची तिकिटे खपवून पै न् पैचा हिशेब देणारे तरुण आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. त्यांतील एकाला चिटणीसांच्या शेजारी बसवावे.

गावची वर्गणीही कमी लेखू नये. कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले कै. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट घडविण्यात पुढाकार घेतला, तेव्हा कॅनडातील मराठी मंडळींची वर्गणी त्यांच्या पाठीशी होती. दाता प्रथम विचारतो तो हाच प्रश्न, की तुमच्या माणसांनी काय दिले?

शेवटी त्या वहीचे पुढे काय झाले ते सांगतो. दोन वर्षांनी कारखान्याचा निधी संपला. कार्यकर्तीचे मानधन थांबले आणि वहीतील ‘गेला नाही’ हे शब्द पुन्हा वाढू लागले. नव्या निधीचा अर्ज जुना संपल्यावर लिहिला गेला होता आणि मध्ये सात महिने गेले. तेव्हापासून त्या बाईंनी वहीच्या पहिल्याच पानावर तांबड्या शाईने अनुदान संपण्याची तारीख लिहिली आणि तिच्या आठ महिने आधीची दुसरी तारीख. त्या दुसऱ्या तारखेस नवा अर्ज गेलाच पाहिजे. विनियोग प्रमाणपत्र मार्चअखेरीची वाट न पाहता तयार ठेवतात. त्या वहीतील रकान्यांचा कोरा नमुना मी सोबत आणला आहे. पंचायतींच्या चिटणीसांनी जाताना त्याची प्रत घ्यावी. आता आपले प्रश्न विचारावेत.