रोग्याचा श्वास मोजावा



धर्मग्रामाच्या महोत्सवांत आम्हीं नाडी आणि श्वास यांविषयीं बोलावें, हें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु आजाऱ्याच्या भेटीस जाणें हें आपण सर्वच कर्तव्य मानतों. तेथें फळें ठेवून व प्रार्थना म्हणून परतण्यापूर्वीं पांच मिनिटें त्याच्याकडे नीट पाहिलें, तर पुष्कळ कांहीं साधतें.

पिसा येथील कॅथेड्रलमध्यें हेलकावणाऱ्या दिव्याचे झोके गॅलिलिओनें स्वतःच्या नाडीवरून मोजले, अशी आख्यायिका आहे. पुढें पादुआच्या सांतोरिओ ह्या वैद्यानें हाच न्याय उलटा केला व लोलकाच्या झोक्यांवरून रोग्याची नाडी मोजली. १७०७ सालीं इंग्लंडांत सर जॉन फ्लॉयर यानें नाडीसाठीं मिनिटभर चालणारें घड्याळ प्रसिद्धीस आणलें. तापास थर्मामीटर मिळाला, रक्तदाबास यंत्र मिळालें. श्वासास मात्र घड्याळापलीकडे कांहीं लागत नाहीं. म्हणूनच कीं काय, त्याची सर्वांत अधिक उपेक्षा होते.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. आमची वृद्ध मावशी एका पावसाळ्यांत अंथरुणास खिळली. दिवसांतून चार वेळां आम्ही थर्मामीटर लावीत होतों. ताप नाहीं, म्हणून सर्व निश्चिंत. बोलतांना ती मध्येंच थांबते, हें सर्वांनीं पाहिलें. मोजलें मात्र कोणींच नाहीं. तिसऱ्या दिवशीं एका परिचारिकेनें पांघरुणाच्या हालचालीकडे पाहत मोजलें, तों मिनिटास ३२ श्वास! न्यूमोनिया झाला होता. वृद्धांस हा रोग ताप नसतांही होतो. मावशी वांचली, परंतु ते दोन दिवस आम्हांस अद्याप टोंचतात.

रोगी स्वस्थ पडलेला असतांना मोजावें, आणि ‘तुमचा श्वास मोजतों’ असें त्यास सांगूं नये; सांगितलें कीं श्वास बदलतो. नाडी पाहण्याच्या निमित्तानें मनगट दोन बोटांनीं धरावें. आंगठा लावूं नये, कारण त्यांत आपलीच नाडी लागते. नाडी मोजून झाल्यावर हात तसाच ठेवून छातीकडे पाहावें. छाती वर जाऊन खालीं आली म्हणजे एक श्वास. पुरें मिनिट मोजावें. पंधरा सेकंद मोजून चौपट केल्यास एकाची चूक चारांची होते.

प्रौढाचा श्वास स्वस्थ असतांना मिनिटास १२ ते २० असतो व नाडी ६० ते १००. श्वास २५ वर गेल्यास सकाळची वाट पाहूं नये. लहान मुलांचें निराळें. खोकला झालेल्या मुलाचा श्वास, तें रडत नसतांना, दोन महिन्यांच्या आंत ६०, वर्षाच्या आंत ५० आणि पांच वर्षांच्या आंत ४० किंवा अधिक भरला, तर त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

२०२० च्या करोनाच्या सांथीपासून बोटास लावावयाचें ऑक्सिमीटर पुष्कळ घरीं आलें. तें उपयुक्त खरें. पण थंड बोटावर व रंगविलेल्या नखावर तें चुकतें, आणि सांवळ्या त्वचेवर कधीं प्रत्यक्षाहून अधिक आंकडा दाखवितें. त्यावर ९६ दिसत असून श्वास ३० असेल, तर आम्ही श्वासावर विश्वास ठेवूं.

रक्तदाबाविषयीं एवढेंच, कीं रोग्यास आधीं पांच मिनिटें बसूं द्यावें, पट्टा उघड्या दंडावर बांधावा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, आणि मोजतांना कोणीं बोलूं नये. ही शेवटची अट भेटीस जाणाऱ्या आम्हां मंडळींस जड जाते खरी.

सर्व आंकडे वेळेसह वहींत लिहावे. कालच्या व आजच्या आंकड्यांतील फरक डॉक्टरास पुष्कळ सांगतो. ज्यांस हें शिकावयाचें असेल, त्यांनीं सेकंदकांट्याचें घड्याळ घेऊन मिस्सेनंतर सभागृहांत थांबावें. आमचें मनगट हजर आहे.