सिम्युलेटरबाहेरचा सह्याद्री



  टॉवर नाही, केबल नाही, मध्यवर्ती नियंत्रण नाही. हिंडते-फिरते रेडिओच एकमेकांचे निरोप पुढे पोहोचवतात, अशा मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्कवर, आपल्या बोलीत मॅनेटवर, आपल्याकडे कितीतरी एम.टेक. आणि पीएच.डी.चे प्रबंध लिहिले गेले. त्यांतले फार थोडे सिम्युलेटरमधून बाहेर पडले. ते काम आता डोंगरात, पावसात, माणसांत न्यावे, अशी माझी तुम्हा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.

हा विषय जन्मला तोच मुळी उघड्यावर. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटने १९७१ मध्ये हवाई बेटांवर दाखवून दिले की, अनेक केंद्रांना एकच रेडिओ वाहिनी वाटून घेता येते. साध्या अलोहा पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्केच हाती लागते, हेही तिथेच उमगले. १९७३ मध्ये डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेने पॅकेट रेडिओचे काम हाती घेतले. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या भोवतीच्या डोंगरमाथ्यांवर रिपीटर बसले, एसआरआय संस्थेची उपकरणांनी भरलेली व्हॅन रस्त्यांवर धावू लागली. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी त्या व्हॅनमधून निघालेली पॅकेट्स पॅकेट रेडिओ, उपग्रह आणि अर्पानेट अशी तीन वेगवेगळी जाळी ओलांडून इच्छित ठिकाणी पोहोचली. आजच्या इंटरनेटचा पाया घालणाऱ्या प्रयोगांत त्या व्हॅनचे स्थान फार वरचे आहे.

पुढे लॅपटॉप आले आणि प्रश्न नव्याने उभा राहिला: शेजारी सतत बदलत असतील तर वाट कशी शोधायची? चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी १९९४ मध्ये डीएसडीव्ही हा वाट शोधण्याचा प्रोटोकॉल मांडला. जुन्या पद्धतीत एखादा दुवा तुटला की दोन नोड, म्हणजे जाळ्यातले दोन रेडिओ, एकमेकांकडेच बोट दाखवत राहत आणि पॅकेट गोल फिरत बसे. या दोघांनी प्रत्येक नोडला स्वतःच्या पत्त्यासोबत एक वाढता क्रमांक द्यायला लावला. ज्या बातमीचा क्रमांक मोठा, ती ताजी. शिळी बातमी टाकून द्यायची. एवढ्या साध्या युक्तीने फेरे थांबले. एओडीव्हीने तीच युक्ती घेतली, मात्र वाट आधीपासून आखून न ठेवता गरज पडेल तेव्हाच विचारायची ठरवली. २००३ मध्ये तो आरएफसी ३५६१ म्हणून प्रसिद्ध झाला. डीएसआरने सगळी वाट पॅकेटच्याच माथ्यावर लिहिली. फ्रान्समध्ये घडलेल्या ओएलएसआरने मोजक्याच शेजाऱ्यांवर पुनःप्रसारणाचे काम सोपवून गलबला कमी केला. या चारही कल्पना मला आजही सुंदर वाटतात. विद्यार्थ्यांनी त्या फळ्यावर हाताने सोडवून पाहाव्यात.

१९९८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील गटाने चार प्रोटोकॉलांची तुलना प्रसिद्ध केली. एनएस-२ सिम्युलेटरमध्ये ५० नोड, १५०० बाय ३०० मीटरचा आयत, ९०० सेकंद, आणि जास्तीत जास्त वेग सेकंदाला २० मीटर. काम अव्वल दर्जाचे होते. पण त्या आकड्यांचा पुढे साचा झाला. माझ्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या प्रबंधांत आजही तोच आयत, तेच ९०० सेकंद दिसतात. ते नोड कोण आहेत, कुठे निघालेत, त्या आयतात एखादी टेकडी का नाही, हे कोणी विचारत नाही.

जगात मात्र ते विचारले गेले. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, सिम्युलेटरमध्ये नोडांची हालचाल ठरवणाऱ्या रँडम वेपॉइंट प्रारूपात किमान वेग शून्य धरला तर वेळ जाईल तसा नोडांचा सरासरी वेग घटत घटत शून्याकडे जातो. संथ वेग ज्याच्या वाट्याला आला तो नोड त्याच प्रवासात अडकून पडतो. म्हणजे ‘जास्त गतिमानतेत आमचा प्रोटोकॉल सरस’ असे म्हणणारा आलेख हळूहळू थबकत चाललेल्या नोडांवर काढलेला असू शकतो. डार्टमथमध्ये डेव्हिड कॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ लॅपटॉप मोकळ्या मैदानात माणसांच्या हाती देऊन फिरवले आणि आपली रूढ गृहीतके एकेक करून तपासली: जमीन सपाट असते, रेडिओचा पल्ला गोल असतो, मला तुझे ऐकू येते म्हणजे तुलाही माझे येते. मैदानातल्या मोजमापांपुढे ही गृहीतके टिकली नाहीत. २००५ मध्ये आणखी एका पाहणीने मोबीहॉक परिषदेचे सिम्युलेशनवर आधारलेले ११४ निबंध तपासले; पंधरा टक्क्यांहून कमी निबंधांतले प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येण्याजोगे होते. हा क्षेत्रातल्या अग्रगण्य परिषदेचा हिशेब आहे.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात जे सापडले, ते तर प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे. एओडीव्ही प्रत्यक्ष लॅपटॉपवर चालवल्यावर काही पट्टे असे आढळले, जिथे प्रोटोकॉलच्या मते शेजारी हजर आहे, पण माहिती मात्र पोहोचत नाही. कारण शोधले तर साधे निघाले. ‘मी इथे आहे’ असे सांगणारा हॅलो संदेश छोटा असतो आणि कमी दराने सर्वांना पाठवला जातो, म्हणून तो लांब जातो. खरे डेटा पॅकेट मोठे आणि जास्त दराचे, म्हणून ते अलीकडेच गळते. सगळे संदेश एकाच पल्ल्याचे मानणाऱ्या सिम्युलेटरमध्ये हा पट्टा शंभर वर्षे बसलात तरी दिसणार नाही. एमआयटीच्या मंडळींनी त्याच सुमारास सांगितले की, कमीत कमी टप्प्यांची वाट निवडणे म्हणजे बहुधा सर्वांत लांबचे आणि सर्वांत कच्चे दुवे निवडणे होय. त्यातून प्रत्यक्ष किती वेळा पाठवावे लागेल, हे मोजणारा ईटीएक्स हा निकष आला. या दोन्ही गोष्टी मोजल्यामुळे हाती आल्या.

आपल्या देशातही मोजणारी माणसे झाली. प्रवीण भागवत, भास्करन रामन आणि धीरज सांघी यांनी आयआयटी कानपूरच्या परिसरात साध्या वायफायचे दुवे उंच मनोऱ्यांवरून गावागावांत नेले. त्या दुव्यांची पुढे काटेकोर मोजमापे झाली, तेव्हा सिग्नलची ताकद आणि चुकांचे प्रमाण यांचे नाते पुस्तकात आहे तसेच आढळले. त्याच वाहिनीवर दुसरे कोणी बोलू लागले, तरच घोटाळा होई. गंगेच्या मैदानात जमीन खरोखरच सपाट आहे. तिथले गणित तिथे जुळले. सह्याद्रीतल्या महाड, पोलादपूर, वेल्हे, आंबेगाव इथे ते आपोआप जुळेल असे मानायला मात्र कसलाही आधार नाही.

आपल्याला या तंत्राची गरज किती आहे, हे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईचे फोन मुके झाले. जुलै २०२१ मध्ये तळिये गावावर दरड कोसळली. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर, जिथे मदतीची माणसे पायी चढून गेली. अशा रात्री पाच-सहा अक्षरांचा निरोप तालुक्याला पोहोचला तरी पुरे. गुप्ता आणि कुमार यांनी २००० मध्येच सिद्ध केले की, नोड वाढतात तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा दर घटत जातो. पण ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांनी पुढच्याच वर्षी दाखवले की, विलंब चालणार असेल तर नोडांची हालचालच क्षमता राखते. अशाच हालचालीच्या बळावर कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरकडे बसवर वायफाय बसवून जमिनीच्या नोंदींचे अर्ज नेले-आणले गेले होते. आपली एसटी डोंगरातल्या कितीतरी गावांना रोज जाते. त्या प्रवासावर आपल्याकडे प्रबंध व्हायला हवेत.

साधनेही आता हाताशी आहेत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून, ठरलेल्या शक्तिमर्यादेत, परवान्याविना खुला आहे. पुढे तो ८६८ पर्यंत वाढला. त्या पट्ट्यातली लोरा रेडिओ मॉड्यूल्स विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहेत. त्यांवर चालणारे मेशटॅस्टिक हे खुले सॉफ्टवेअर काय करते पाहा: एओडीव्ही नाही, ओएलएसआर नाही; सर्वांसाठीच्या संदेशांना आवरलेले फ्लडिंग, म्हणजे ऐकलेला संदेश ऐकणाऱ्यांनीच पुढे पाठवायचा. एरवी तीन टप्पे, फार तर सात. ज्याला संदेश क्षीण ऐकू आला तो बहुधा लांबचा, म्हणून त्याने आधी पुढे पाठवायचे. बाकीच्यांनी ते ऐकले की गप्प राहायचे. जे फ्लडिंग टाळण्यासाठी आपण इतकी वर्षे झटलो, ते छोट्या संदेशांना इथे पुरते. घाटात ते किती पुरते, कुठे तुटते, तिथे कोणता राउटिंग प्रोटोकॉल खरोखर लागेल, हे प्रबंधाचे सच्चे प्रश्न आहेत. या वारंवारितेला पाऊस स्वतः फारसा अडवत नाही. ओली झाडी अडवते. श्रावणातल्या सह्याद्रीच्या झाडीत ती किती अडवते, याची आपली स्वतःची मोजमापे हवीत.

म्हणून माझा प्रस्ताव असा. घाटाच्या दोन्ही अंगांना असलेल्या किमान पाच महाविद्यालयांनी मे महिन्यातच मॉड्यूल्स बसवावीत आणि जून ते सप्टेंबर प्रत्येक पॅकेटची नोंद ठेवावी: वेळ, ठिकाण, सिग्नलची ताकद, पोहोचले की नाही. ती नोंद सर्वांना खुली असावी, फसलेल्या दिवसांसकट. पुढल्या परिषदेत एक सत्र फक्त अशा निबंधांसाठी राखावे, ज्यांच्यासोबत मैदानातली माहिती जोडलेली आहे. परीक्षक म्हणून मी स्वतः बसेन. विद्यापीठांच्या संशोधन समित्यांनी या विषयातल्या पीएच.डी.साठी किमान एक प्रत्यक्ष प्रयोग बंधनकारक करावा, असा ठराव आज दुपारच्या खुल्या सत्रात मी मांडणार आहे. ज्या महाविद्यालयांना घाटातल्या कामात सामील व्हायचे आहे, त्यांनी भोजनाच्या सुट्टीत आपली नावे माझ्याकडे द्यावीत. मे महिना फार दूर नाही.