एकाच गाभ्यावर सारा भार

पूर्वी टेलिफोनची यंत्रणा वेगळी, टीव्हीची वेगळी, संगणकांची वेगळी असे. आता बोलणं, चित्रं, बँकेचे व्यवहार, सगळ्यांची पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, होतात आणि एकाच आयपी नेटवर्कवरून धावतात. खर्च वाचतो, हे खरं.

पण ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात काय झालं पाहा. रॉजर्स या दूरसंचार कंपनीच्या मुख्य नेटवर्कमध्ये, म्हणजे गाभ्यात, बदल सुरू होते. त्यात राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. मार्गांच्या माहितीचा लोंढा तोच अडवत होता. लोंढा आत शिरला आणि मुख्य राउटर कोलमडले. मोबाइल आणि घरचं इंटरनेट एकाच गाभ्यावर, त्यामुळे दोन्ही गेली. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला. इंटरॅक या पेमेंट नेटवर्कची डेबिट सेवा बंद, अनेकांना तातडीच्या मदतीचा ९११ क्रमांक लागेना. आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं, तेही त्याच नेटवर्कवरून! पुढे कंपनीने मोबाइल आणि इंटरनेटचे गाभे वेगळे करायचं ठरवलं.

सगळं एकाच नेटवर्कवर आलं की आणखी एक अडचण येते. सुरक्षेसाठी पॅकेट तपासायचं, कूटबद्ध करायचं, तर वेळ जातो. ईमेल दोन सेकंद उशिरा आला तर कुणाला कळतही नाही. बोलणं मात्र एका दिशेने साधारण १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलं की खटकू लागतं. म्हणून आवाजाच्या पॅकेट्सवर अग्रक्रमाची खूण करून त्यांना रांगेत पुढे सोडतात. अर्थात ही खूण कुणीही लावू शकतो, त्यामुळे ग्राहकाकडून आलेली खूण नेटवर्कच्या वेशीवरच तपासावी लागते आणि खोटी असेल तर पुसावी लागते.