चिक्की, छत्री आणि चप्पल
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



बँकेतला माणूस, म्हणजे व्याजदरावर बोलणार, असं वाटलं असेल. मी चपलेवर बोलणार आहे.

आधी चिक्की. लोणावळ्यात राहायचं तर ती घरात हवीच, आणि गूळ-शेंगदाण्याचीच. चॉकलेटचीला मी चिक्की मानत नाही. मधुमेहामुळे एकच तुकडा, तोही दातांना विचारून.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. पण मावळच्या पावसात ते कातडं भिजून फुगतं नि शेवाळावर सटकतं. शिवाय मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. खडा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते. म्हणून मी एमसीआरची, म्हणजे मऊ रबराच्या तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घालतो. नात हसते. हसू दे! घालण्याआधी आतून हात फिरवतो, रात्री तळवे आरशात बघतो. मधुमेहींनो, तुम्हीही बघा.

छत्री लांब दांड्याची. काठीचं काम करते. घडीची इथल्या वाऱ्यात उलटी होते.

कमिटीला विनंती : जूनच्या आत जिन्याबाहेरच्या पायऱ्यांना कठडा बसवा. माझे पाच हजार आजच खजिनदारांकडे देतो. पावती मात्र हवी.