बुधवारची बेल

वर्सोव्याला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गेल्या वर्षी एक सूचना लागली. ‘सुरक्षेच्या कारणास्तव फेरीवाले व मासळीवाले यांना वर प्रवेश नाही.’ मी चौथ्या मजल्यावर एकटी राहते, वय त्र्याहत्तर. म्हणजे ही काळजी माझ्यासारख्यांचीच. सूचना वाचून मला बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मंगळवारी रात्री मी बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन बाहेर टेबलावर, कामवाली गावी गेलेली. मुलगी पुण्याला असते, तिचा फोन रविवारी येतो. बुधवारी सकाळी कोळीवाड्यातल्या आमच्या मावशींनी बेल वाजवली. वर्सोवा म्हणजे मूळचं वेसावे, आणि मावशी तिथल्याच. बुधवार, शुक्रवार, रविवार हे त्यांचे वार. दार उघडेना, तेव्हा त्यांनी पाटी खाली ठेवली, वॉचमनला हाक मारली आणि शेजाऱ्यांकडची किल्ली आणवली. “बाय बुधवार चुकवायची नाय,” एवढंच त्या सगळ्यांना सांगत होत्या.

मी तीस वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा गावातल्या कुटुंबांचा अभ्यास केला होता, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं. त्यांचं म्हणणं असं, की वेगळी चूल मांडली म्हणजे कुटुंब तुटलं असं नव्हे. मिळकत, देणीघेणी, अडीनडीला धावून जाणं यांनी माणसं बांधलेली असली, तर वेगळ्या घरांतही ती एकत्रच असतात. हे मी दरवर्षी मोठ्या हौसेनं शिकवत असे. माझी मुलगीही त्या अर्थानं माझ्याबरोबरच आहे. निरोप मिळताच ती निघाली, दुपारी रुग्णालयात पोचली. पण निरोप द्यायला आधी कुणाला तरी कळावं लागतं, हे माझ्या व्याख्यानात कधी आलं नव्हतं.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये इथून जवळच, लोखंडवाला संकुलात, अमेरिकेहून आलेल्या मुलाला घरात आईचा सांगाडा सापडला. त्या मायलेकांचं शेवटचं बोलणं २०१६ च्या एप्रिलमध्ये झालं होतं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. लोकांनी मुलाला भरपूर बोल लावले. मी मात्र अनेक दिवस त्या बंद दाराचाच विचार करत होते. तिथे ठरलेल्या वारी बेल वाजवणारं कुणीच कसं नव्हतं?

१९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. त्यांत एकट्या म्हाताऱ्यांची संख्या मोठी होती. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. गरिबी दोन्हीकडे होती, एकटे म्हातारेही दोन्हीकडे होते. पण एका वस्तीतलं मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट. जिथे माणसं वाचली, तिथे रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं खाली उतरत होती. दुसरीकडे दुकानं उठून गेली होती, आणि गुन्ह्यांच्या भीतीनं लोक दारं लावून बसले होते.

आमची कमिटी वेडी नाही. एकट्या वृद्धांना लुटल्याच्या, मारल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कामाला येणाऱ्यांची नोंद पोलिसांकडे करावी, हा सल्लाही योग्यच आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ चा कायदा आहे. त्याखालच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांनुसार पोलीस ठाण्यानं हद्दीतल्या एकट्या वृद्धांची यादी ठेवायची आणि महिन्यातून निदान एकदा त्यांच्याकडे जायचं असतं. तुमचं नाव त्या यादीत आहे का, हे जरूर विचारून घ्या. १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनीही लिहून ठेवा. मात्र बाथरूमच्या फरशीवरून फोनपर्यंत हात पोचत नाही, आणि महिना फार लांब असतो.

मी कमिटीला पत्र दिलं. सभेत एका गृहस्थांनी विचारलं, “मासळीसाठी एवढं?” मी काठी दाखवली. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, की ज्यांना घरचं कुणी ओळखतं त्यांची नावं वहीत लिहायची, फोटो लावायचा आणि वर सोडायचं. मावशींना फोटोचं फार हसू आलं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा त्या सुकट आणि सुके बोंबील आणतात. गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी पाटीत काहीच नव्हतं. तरी बेल वाजली. मी दार उघडलं, तर मावशी जिन्याकडे वळलेल्याच होत्या.