जाहिरातींची पाने

मी प्राथमिक शाळेतली बाई. आवाज वर्गातल्यासारखा चढला तर सांभाळून घ्या.

जुन्या मासिकांतल्या कथा-कवितांवर पुष्कळ जण बोलतात. मी बोलणार आहे जाहिरातींवर. आई 'स्त्री' वाचायची आणि मी तिच्यासमोर बसून मागचं पान वाचायची. डोंगरे बालामृत, अफगाण स्नो, शिलाई मशीन. जोडाक्षरांसाठी 'विको वज्रदंती'इतका चांगला धडा मला पुढे अध्यापक विद्यालयातही कुणी दिला नाही!

जाहिरात म्हटली की नाकं मुरडतात. पण काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांचा खर्च जाहिरातींनीच उचललाय. आणि घराघरांत गेलेलं 'किर्लोस्कर' १९२० साली निघालं ते मुळात कारखान्याची खबर देणारं पत्रक म्हणून. नांगराबरोबर साहित्य आलं म्हणा ना. 'स्त्री' आली त्यानंतर, १९३० मध्ये.

आता माझी चूक सांगते. लग्नानंतर हौसेनं आईचे सगळे अंक बाइंडिंगला दिले. बाइंडरनं नेहमीच्या पद्धतीनं मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली, मजकूर तेवढा शिवला. दहा सुबक खंड घरी आले. आई पानं उलटत राहिली, काही बोलली नाही. कागद वाया घालवायचा नाही म्हणून ती जाहिरातींतल्या मोकळ्या जागेत लिहायची. दुधाचा हिशेब, स्वेटरचे टाके, माझ्या पहिल्या दाताची तारीख, कुवेतहून ड्राफ्ट आल्याची तारीख. ते सगळं रद्दीत गेलं, आणि मीच पाठवलं.

वडील सत्तरच्या दशकात इथेच, शर्कमध्ये नोकरीला होते. एका खोलीत सहा जण. रजेहून येणारा एखादा मराठी अंक आणायचा आणि तो हातोहात फिरून पार खिळखिळा व्हायचा. नाहीतर कुवेतचं 'अल-अरबी' होतं, डिसेंबर १९५८ पासून निघणारं. अरबी कुणाला येत नव्हतं, चित्रं बघायची.

आपल्यातले कितीतरी जण एक-दोन वर्षांत इथलं बिऱ्हाड आवरतील. माळ्यावरचे अंक टाकण्याआधी मला एक फोन करा. मी येऊन घेऊन जाईन, अगदी फाटके असले तरी.

कारण वडिलांच्या ट्रंकेत एक 'स्त्री' राहिली होती. रजेवर आले असताना घरून उचलून आणलेली, म्हणून बाइंडरच्या हातून वाचली. त्यांनी तेव्हा पत्रातून विचारलं असणार, येताना काय आणू, शिलाई मशीन आणू का? मशीनच्या जाहिरातीशेजारी आईच्या बारीक अक्षरात आहे: 'ह्यांना लिहिणे. मशीन नको. दिवाळीला रजा मिळते का पाहा.'